कोकणात डेव्हलपरच्या कंपनीत नोकरी: आतून कशी असते?

सुरंगी

ओळखीतली बरीच मुलंमुली हल्ली एकच प्रश्न विचारतात, "ताई, डेव्हलपरकडे जागा निघालीय, घेऊ का?" दापोली, गुहागर, रत्नागिरी, खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत प्लॉटिंगच्या आणि सेकंड होमच्या कंपन्यांनी ऑफिसं थाटलीत. घरापासून तासाभराच्या अंतरावर, स्वच्छ ऑफिसात बसून करायची नोकरी आपल्याकडे फार थोडी मिळते. त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच एका कंपनीत आहे. आधी बुकिंग झालेल्या ग्राहकांचं काम बघायचे, आता जमिनीच्या कागदपत्रांचं बघते. कंपनीचं नाव विचारू नका.

पुण्या-मुंबईत या धंद्याचा जीव बांधकामात असतो. इथे तो जमिनीत आहे. टॉवर बांधायचे नसतात. कातळावरचा सडा नाहीतर कलमांची बाग घ्यायची, बिनशेती करायची, रस्ते आखायचे, प्लॉट नाहीतर छोटे बंगले विकायचे. म्हणून कंपनीत सगळ्यांत महत्त्वाचा माणूस आर्किटेक्टही नसतो आणि सेल्सचा साहेबही नसतो. सातबारा वाचता येणारा माणूस महत्त्वाचा असतो. नव्या मुलांना हे कोणी सांगत नाही, कारण मुलाखत घेणारा बहुधा सेल्समधला असतो.

आमच्याकडचा सातबारा कसा असतो ते सांगते. एक सर्व्हे नंबर, त्याचा हिस्सा नंबर, आणि खाली पान भरून नावं. त्यातली अर्धी माणसं वारलेली, वारस लागलेले नाहीत. जे लागलेत त्यातले काका बडोद्याला, आत्या लग्न होऊन लालबागला, तिची मुलं आता विरार-बदलापूरला. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा दुरुस्त झाल्यापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे, तरी गावात राहणारा भाऊ बिनदिक्कत म्हणतो, "बहिणींचं काय, त्या सही देतील." ती सही आणायला जाते आमची लँड टीम. आत्याच्या दारात जाऊन हक्कसोडपत्राची गोष्ट काढायची, आणि तिला नीट समजावायचं की सही केली तर तुमचा हक्क कायमचा जातो. सहीआधी तिला हे स्पष्ट सांगणारा माणूस मला चांगला वाटतो. न सांगणाऱ्याचं काम झटपट होतं, आणि त्याचाच कागद पुढे कोर्टात अडकतो.

त्यात ‘इतर हक्क’ हा रकाना. तिथे कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव असलं की सगळं थांबतं. आपल्याकडे खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताची वतनदारी, १९४९च्या कायद्याने गेली, त्याआधीच १९४८चा कूळकायदा आला, पण दोन्हींचे धागे अजून सातबाऱ्यावर लोंबतायत. कुळाने विकत घेतलेल्या जमिनीवर कूळकायद्याच्या कलम ४३चा, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाही असा, शेरा असतो. ३२ म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असली तर २०१४च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, चाळीसपट नजराणा सरकारला भरून ती विकता येते. रक्कम अगदी किरकोळ असते, पण ते प्रमाणपत्र घरात सापडायला हवं ना! पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या मागे, कुठेही असतं. मी एकदा ते पंचांगाच्या जुन्या गठ्ठ्यातून निघालेलं पाहिलंय, वाळवीने एक कड खाल्लेलं, पण शिक्का शाबूत. आजोबांनी ते दोन्ही हातांनी धरून मला वाचायला दिलं. त्यांच्या वडिलांनी खोताशी भांडून मिळवलेला तो कागद होता, आणि मी तो जमीन विकण्याच्या फायलीत लावणार होते. त्या दिवशी मी त्यांना दोनदा विचारलं, नक्की विकायचंय ना? कंपनीत हे कोणाला आवडेल न आवडेल, पण मी आजही प्रत्येकाला विचारते.

मालक वाईटच असतात असं नाही. माझं म्हणणं इतकंच की आपण या नोकरीत दोन्ही बाजूंच्या माणसांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा व्यवहार हाताळतो. विकणाऱ्याची ती एकुलती एक जमीन असते, घेणाऱ्याची ती आयुष्यभराची शिल्लक. म्हणून तोंडाने जे बोलतो ते कागदावर असलंच पाहिजे. जी कंपनी हे पाळू देते तिथे ही नोकरी चांगली आहे, शिकायला भरपूर आहे. जी पाळू देत नाही तिथे पगार कितीही असो, जाऊ नका.

साइटवरच्या आणि सेल्समधल्या लोकांनीही लिहावं, मला त्या बाजूची पूर्ण माहिती नाही.

जांभा_चिरा

साइटबद्दल मी लिहितो. सिव्हिल डिप्लोमा, देवगड भागात एका बंगल्यांच्या प्रकल्पावर आहे.

आमचं वर्ष मिरगावर, म्हणजे मृगाच्या पावसावर, चालतं. प्लिंथ (जोतं) आणि स्लॅब ७ जूनच्या आत उरकायचे म्हणून एप्रिल-मेमध्ये रात्री हॅलोजन लावून काम असतं. नेमकी तेव्हाच सड्यावरच्या विहिरी तळाला जातात आणि क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी नसतं. टँकर येतो, पण गावात बायका हंडे घेऊन उभ्या असताना आपण स्लॅबवर पाणी मारत असतो. हे बघवत नाही. मी मालकाच्या मागे लागून क्युरिंग कंपाऊंड आणि ओली पोती वापरायला लावली. पाणी खूप वाचलं.

दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. किनाऱ्यावर सळईला गंज लवकर लागतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्याच्या हवेत उघडं असणाऱ्या काँक्रीटला एम ३० ग्रेड आणि ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सांगितलंय, लाटांचे तुषार उडत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. बाहेरून आलेला ठेकेदार मुंबईतल्या आतल्या भागातल्या सवयीने २० चे कव्हर ब्लॉक टाकतो. ते बदलायला लावणं हेच माझं रोजचं भांडण. स्लॅब ओतायच्या आधी मी गुडघ्यावर बसून टेप घालून मोजतो. ओतल्यावर कोणाला काही दिसत नाही, आणि पाच-सात वर्षांनी छताचे पोपडे पडायला लागतात तेव्हा तो ठेकेदार भलत्याच जिल्ह्यात असतो. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. मालकाला हे आठवण करून दिलं की कव्हर ब्लॉकचे पैसे लगेच मंजूर होतात.

चिरेकाम करणारी माणसं बरीचशी कर्नाटकातून येतात, बायकापोरांसह. त्यांची इमारत कामगार म्हणून नोंदणी झालीय का, हे साइट इंजिनिअरने स्वतः विचारावं. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर त्यांच्यासाठीच भरला जातो. नोंदणी नसेल तर त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड पट्ट्यात छपरांची जी दशा झाली ती मी पाहिलीय. आता ग्राहक छपराच्या बोल्टबद्दल विचारतात. बरं वाटतं.

अलिबाग_अपडाऊन

सुरंगीताई, लेख चांगला, पण सेल्सवाल्यांकडे थोडं आमच्या बाजूनेही बघा. मी अलिबाग-मुरूड पट्ट्यात सेल्समध्ये आहे. मांडव्याला २०२० मध्ये गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि २०२४ला अटल सेतू, तेव्हापासून शनिवार-रविवार आमच्याकडे जत्रा असते. आम्हाला सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी. घरातलं लग्न, बारसं, गणपती, सगळं बघायचं ते फोटोत. कारण गणपतीत चाकरमानी येतो, आणि आलेला चाकरमानी जागा बघायला निघतो.

मूळ पगार बेताचा असतो. खरं उत्पन्न इन्सेंटिव्हचं, आणि ते बुकिंगवर मिळत नाही, करारनाम्याची नोंदणी झाली की मिळतं. ग्राहकाचं कर्ज अडकलं, महिने गेले, की तुमचं इन्सेंटिव्हही अडकलं. नोकरी घेताना हे लेखी विचारा. मधेच नोकरी सोडली तर आधीच्या बुकिंगचं इन्सेंटिव्ह मिळणार की नाही, हेही विचारा. माझ्या आधीच्या ठिकाणी ते मिळालं नाही, आणि माझ्याकडे कागद नव्हता म्हणून बोलताही आलं नाही.

आता बोलण्याबद्दल. "सी टच सांग" असा दट्ट्या असतो, नाकारत नाही. पण किनारा नियमन क्षेत्राचे नियम स्वतः समजून घेतले तर सेल्समनच्या हातात ताकद येते. खेड्यातल्या किनाऱ्याला भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना ते ५० मीटरवर आणलंय, पण त्यासाठी २०११च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त लोक राहायला हवेत. आपली किनाऱ्यावरची बहुतेक गावं सुपारीच्या वाड्यांत विखुरलेली, तिथे एवढी गर्दी कुठली? त्यामुळे "समुद्राला लागून बंगला बांधता येईल" असं कोणी म्हणालं की मी नकाशा मागतो. ग्राहकालाही नकाशा दाखवतो. दोन-चार ग्राहक जातात, पण जे राहतात ते मावसभावाला घेऊन येतात.

आणि हो, प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेरा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. प्लॉटिंगलाही हे लागू आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो. तो स्कॅन करून बघणारे ग्राहक आता बरेच भेटतात. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तुमची कंपनी "आधी पंचवीस टक्के घे, करारनामा नंतर बघू" म्हणत असेल तर पावतीवर सही तुमची असणार आहे, एवढं लक्षात ठेवा.

गजाली_दर्यावरच्यो

गाव सांगत नाय. आमच्या वाडीतसून दर्यार जावची वाट आजा-पणज्यापासूनची. जमीन इकली गेली, कंपनीन चिऱ्याचो गडगो घातल्यान आणि वाट बंद. रापणीक, किनाऱ्यावरसून जाळा ओढूक, जाणारे आता भलोमोठो वळसो घालून जातत. कंपनीच्या हापिसात आमच्याच गावचो झिल बसता. तेका इचारलंय तर म्हणता, "काका, नकाशात वाट नाय." तेका वायट म्हणत नाय, पोटासाठी बसलोहा. पण हय वाट असा म्हणान तेणी मालकाक सांगूक होया होता मां?

सुरंगी

काका, होयाच होता. तुमचा प्रतिसाद मी आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना वाचायला देणार आहे.

वाट नकाशात नसली तरी वहिवाट असते. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून गडगा कधी घातला ते आधी बघा आणि घाई करा. रापणीवाल्या सगळ्यांच्या सह्या आणि जुने फोटो असतील तर जोडा.

आणि नोकरी करणाऱ्यांसाठी: जमीन घेण्याआधी जागेवर जाऊन चालून यायचं. पायवाट, पाणंद, स्मशानाकडे जाणारा रस्ता, पाण्याचा पऱ्या, देवराईची हद्द, गुरं कुठून चरायला जातात. यातलं निम्मं कुठल्याच उताऱ्यावर नसतं. आमच्याकडे एका लेआउटमध्ये मी अशी पाणंद दाखवून दिली, आर्किटेक्टने ती तशीच ठेवून अंतर्गत रस्ता तिच्या शेजारून नेला. एक प्लॉट थोडा लहान झाला. गावाने पुढे बोअरवेलला, लाइनच्या खांबांना कधी आडकाठी केली नाही. स्थानिक माणूस नोकरीला ठेवायचा तो यासाठी. आपण हे सांगायला कचरलो तर आपला काय उपयोग?

साखळी_कड्या

भूमी अभिलेखमधून निवृत्त झालो. या धाग्यावरच्या मुलांसाठी एकच सांगतो, मोजणीशिवाय साठेखत (विक्रीचा करार) करू देऊ नका. कोकणात पुष्कळ गावांत गटवारी, म्हणजे तुकडे जोडून गट नंबर देणं, झालेली नाही, हिस्सा नंबर सातबाऱ्यावर असतात पण पोटहिस्स्याची मोजणी होऊन ते नकाशात उतरलेले नसतात. कागदावर चाळीस गुंठे आणि जागेवर गडग्यापर्यंत तीस, असं सर्रास निघतं. शेजाऱ्यांना नोटिसा जाऊन, त्यांच्यासमोर हद्द कायम करून मिळालेली ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात येईपर्यंत थांबावं. कंपनीचा खाजगी सर्व्हेअर ड्रोन उडवून सुंदर नकाशा करतो, पण हद्दीचा वाद उभा राहिला की तो उपयोगी पडत नाही.

मोजणीच्या दिवशी कंपनीची मुलं गाडीत एसी लावून बसलेली मी पाहिलीत. खाली उतरा, खुणा कुठे घातल्या ते डोळ्यांनी बघा, शेजाऱ्याशी बोला. करवंदीच्या जाळीत शिरायची तयारी नसेल तर जमिनीचं काम घेऊ नका.

ठाण्याहून

मी ग्राहक. एका कंपनीने ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून अकरा गुंठ्यांची जागा दाखवली. ऑफिसातल्या मुलीने चहा घेताना हळूच विचारलं, "सर, तुमच्या नावावर शेती आहे का कुठे?" नव्हती. तिने सांगितलं की मग ही शेतजमीन तुमच्या नावावर होणार नाही, आधी बिनशेतीचा आदेश बघा. आदेश नव्हताच. कुळकायद्याचं कलम ६३ मला तेव्हा प्रथम कळलं. पैसे वाचले. त्या मुलीचे आभार मानायचे राहून गेलेत, म्हणून इथे लिहितोय.

बीकॉम_झालो

सगळं वाचलं. मला परवा एका कंपनीकडून ऑफर आलीय. गुहागर तालुका, माझं गाव तिथून जवळ. पद ‘लँड एक्झिक्युटिव्ह’. पगार ठीक आहे, दुचाकीचं पेट्रोल देणार. पण मुलाखतीत साहेब म्हणाले, "तू गावातलाच आहेस, तुझ्या भावकीतली जमीन पहिल्या तीन महिन्यांत आणून दे, मग तुला कायम करू." घरी बाबा गप्प आहेत. आई म्हणते घे. काय करू?

अलिबाग_अपडाऊन

कायम करण्याची अट लेखी देतील का विचार. देणार नाहीत. भावकीची यादी हवीय त्यांना, तू नकोयस. मी असतो तर नाही म्हटलं असतं.

जांभा_चिरा

सहमत. भावकीत जमिनीवरून एकदा बिनसलं की गणपतीची आरतीसुद्धा वेगळी होते. आमच्या वाडीत झालीय.

सुरंगी

लगेच नाही म्हणू नकोस, आधी विचारून बघ. साहेबांना सरळ सांग: भावकीचं काम मी करणार नाही, तिथे दुसऱ्याला पाठवा, बाकी पंचक्रोशीतलं करेन. माणूस धंद्याचा पक्का असेल तर त्याला हे पटेल, कारण नात्यातल्या माणसाने आणलेल्या सह्यांवर पुढे "फसवून घेतली" अशी हरकत लवकर येते. नाही पटलं तर तुला उत्तर मिळालंच.

पटलं तर आणखी दोन गोष्टी बघ. पहिली, महारेराच्या साइटवर कंपनीच्या आधीच्या प्रकल्पांची पानं उघड. तिमाही माहिती भरलीय का, पूर्ण व्हायची तारीख किती वेळा पुढे ढकललीय, तक्रारी किती आहेत, तिथे सगळं दिसतं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे असतात. ज्या कंपनीचा प्रकल्प वर्षानुवर्षं रखडलाय तिथे तुझा पगारही रखडणार. दुसरी, त्यांनी याआधी ज्यांच्याकडून जमीन घेतली अशा एकदोन घरी जाऊन ये. विसार (आगाऊ रक्कम) दिल्यावर उरलेले पैसे वेळेवर मिळाले का, एवढंच विचार. चहा न देता बोलले तरी समजून जा.

आणि बाबांशी बोल. ते गप्प का आहेत ते तुला ऑफर लेटरपेक्षा जास्त उपयोगी पडेल. कदाचित सातबाऱ्यावर त्यांना माहीत असलेलं काही असेल.

बीकॉम_झालो

ताई, बाबांशी बोललो. आमच्याच हिश्श्यात दोन आत्यांची नावं अजून लागलेली नाहीत. आजोबा गेल्यावर वारसनोंद अर्धवटच राहिली. बाबांना त्याचीच चिंता होती, कंपनीचा माणूस उतारा काढेल आणि आत्यांना बाहेरून कळेल म्हणून. आता दोघं मिळून तलाठ्याकडे जाणार आहोत. नोकरीचं साहेबांना तुम्ही सांगितलंत तसं विचारतो. सातबारा वाचायला मात्र शिकायचंच आहे, नोकरी कुठलीही असो.

साखळी_कड्या

वारस नोंदीचा अर्ज देताना मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र लागेल. आत्यांची नावं स्वतःहून घाला, त्यांना सांगायला प्रत्यक्ष जा. फेरफार (नावबदलाची नोंद) पडल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, ती संपेपर्यंत तलाठ्याच्या मागे लागू नका. जुने फेरफार काढून आणलेस की त्यांचे फोटो इथे टाकू नकोस, नावं असतात. मला निरोपातून पाठव, मोडीतलं काही असेल तर वाचून देतो.

जांभा_चिरा

आणि साइटचं काम बघायचं असेल तर मेअखेरीच्या आत देवगडला ये. दोन स्लॅब बाकी आहेत, टेप मी देतो.